उत्तर उद्या

नाना, डबी अजून उघडलेली नाही.

चहापत्तीची ती पत्र्याची डबी कपाटावर आहे. धुळ्याची ढाल येणार म्हणून तुम्ही गोपाळआबांकडून पुसून घेतलेल्या जागेवर. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आत आहे. शुक्रवारी डब्याच्या सुट्टीत तुम्ही प्रश्न घातलात, चिठ्ठीची घडी आत टाकलीत आणि झाकण अंगठ्याने दाबलंत. शनिवारी अर्धा दिवस, डबे नसतात, म्हणून उत्तर सोमवारी. रविवारी पहाटे सावद्याला घरी तुमच्या छातीत कळ आली. सोमवार आला तो तुम्हाला सोडून.

आता दोन आठवडे होतील. नियम तुमचाच होता की प्रश्न घालणारा हजर नसेल तर डबी उघडायची नाही. त्यामुळे कोणी हात लावत नाही. संचेतीभाऊ कॅश मोजता मोजता एकदा तिकडे बघतात, एकदा माझ्याकडे बघतात. "उघडायची तर तिनं," असं त्यांनी परवा जाहीर करून टाकलं. मी खाली मान घालून पॉलिसीचे नंबर उतरवत राहिले.

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत दोनदा सुरुवात केली होती, कारण मनातलं लिहायची सवय मला त्याच भाषेत आहे. पण तिथे तुम्हाला 'यू' म्हणावं लागत होतं. त्या 'यू'मध्ये संचेतीभाऊ, साहेब, प्लॅटफॉर्मवरचं कुत्रं सगळे आरामात बसतात. तुम्ही बसेनात.

मी पहिल्या दिवशी तुम्हाला 'सर' म्हणाले होते. भुसावळच्या इंग्रजी शाळेतून आणि नंतर कॉलेजातून आलेली, बावीस वर्षांची, विम्याच्या ऑफिसात सात पुरुषांमध्ये एकटी मुलगी, दुसरं काय म्हणणार? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत आणि म्हणालात, "सर शाळेत असतात. इथं पंख्याखाली सगळे घामाचेच. नाना म्हण." मला ते म्हणायला चार महिने लागले.

आधी महिनाभर मी फक्त बघत होते. एक वाजता गोपाळआबा शिपाई घंटी वाजवायचे, टेबलं एकत्र यायची, सात डबे उघडायचे. वरणबट्टी, मिरचीची भाजी, थंडीत भरीत. आणि भाकरीचा पहिला तुकडा मोडायच्या आधी तुमचा आवाज यायचा: "हां, कालचं उत्तर!" आबा डबी उघडून एकेक चिठ्ठी वाचायचे. ज्याचं चुकलं, त्याने सगळ्यांचे डबे धुवायचे. ज्याचं बरोबर आणि ज्याची चिठ्ठी पहिली निघेल, त्याने उभं राहून पुढचा प्रश्न घालायचा. त्याचं उत्तर आधी डबीत टाकायचं आणि मगच तोंड उघडायचं. "उत्तर माहीत नसताना प्रश्न विचारायचा हक्क फक्त साहेबांना," असं तुम्ही म्हणायचात आणि केबिनकडे बघून आवाज खाली आणायचात.

कुणी घाईने "मग सांगा ना नाना" म्हटलं की ठरलेले दोन शब्द यायचे. उत्तर उद्या. प्रश्नासोबत एक रात्र काढली पाहिजे, असं तुमचं म्हणणं होतं. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. उत्तर ठाऊक असेल तर ठाऊक असतं, रात्र काढून त्यात काय वाढतं? आता मी इतक्या रात्री काढल्या आहेत की या बाबतीत माझं काहीच मत राहिलेलं नाही.

मी सतत हरत होते, आठवतं? अगदी रोज. लाकडात सगळ्यात जड कोणतं, कोणत्या राज्याला समुद्र सगळ्यात जास्त लागतो, कोणत्या प्राण्याला तहान लागत नाही, काहीही असो. माझी चिठ्ठी निघाली की संचेतीभाऊ आधीच बाह्या दुमडायला लागायचे, कारण त्यांचंही चुकलेलं असायचं आणि त्यांना सोबत मिळायची. "इंग्लिश मॅडम, चला नळावर. तुम्ही साबण, मी राख." मग आम्ही मागच्या नळावर डबे घासायचो आणि ते मला सांगायचे की मारवाड्याच्या घरात भांडी घासणारा मी सात पिढ्यांतला पहिला.

मला प्रत्येक उत्तर येत होतं, नाना. प्रत्येक म्हणजे जवळजवळ प्रत्येक. घरी ते जाडजूड इयरबुक होतं, वडील रेल्वेत असल्याने जुनी मासिकं यायची, आणि लहानपणी मला मैत्रिणी कमी असल्यामुळे मी ती वाचली होती. पण बरोबर आलं की उभं राहावं लागणार. सात जणांसमोर, मराठीत, प्रश्न घालावा लागणार. माझं मराठी त्या वेळी वाक्याच्या मध्येच थांबायचं आणि योग्य शब्दाची वाट बघत बसायचं. त्यापेक्षा भरताचे तेलकट डबे परवडले. म्हणून मी रोज विचार करून चुकीचं उत्तर लिहायची.

तुम्ही एका दुपारी नळावर आलात. संचेतीभाऊंचं त्या दिवशी चुकून बरोबर आलं होतं, त्यामुळे मी एकटी होते. तुम्ही हात धुतलेत, उगाच पुन्हा धुतलेत.

"काय व पोरी, तीन महिने झाले."

"हो."

"तीन महिन्यांत एकदाही बरोबर नाही."

मी डबा घासत राहिले.

"अंदाजानं लिहिणाऱ्याचंसुद्धा कधीतरी बरोबर येतं. संचेतीचं येतं, म्हणजे बघ. एवढं नेमानं चुकायला उत्तर पाठ असावं लागतं."

मी वर बघितलंच नाही. तुम्ही धोतराला नाही, खिशातल्या कुठल्यातरी वर्तमानपत्राच्या तुकड्याला हात पुसलेत, तुकडा परत खिशात ठेवलात आणि आत गेलात. कुणाला काही सांगितलं नाहीत. मी आठवडाभर वाट बघितली की आता हसू होणार. झालं नाही. त्या शनिवारी निघताना मी पहिल्यांदा "येते नाना" म्हणाले.

नंतर तुम्ही साहेबांकडे धुळ्यासाठी दोन नावं दिलीत, तुमचं आणि माझं. मला न विचारता. दर वर्षी हिवाळा सरता सरता आपल्या आणि धुळ्याच्या शाखेची ती स्पर्धा व्हायची आणि ढाल कायम धुळ्यातच राहायची. तुम्हाला निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. कपाटावरच्या जुन्या फायली तुम्ही स्वतः खाली काढल्यात, आबांनी फडकं मारलं आणि संचेतीभाऊ म्हणाले, "नाना, पाळणा आधी आणि पोर मागून?" तुम्ही म्हणालात, "या वेळी पोर आपल्याकडे आहे." मी तेव्हा टायपिंग करत होते आणि माझ्याकडून एकाच ओळीत चार चुका झाल्या. मी नाही म्हणणार होते. मग म्हणाले नाही. कारण तुम्ही म्हणालात, "तू बोलू नको. तू माझ्या कानात सांग, बोलायचं काम माझं."

सकाळच्या एसटीतली ती वाट मला घरातल्या जिन्यासारखी आठवते. तुम्ही मला खिडकी दिलीत आणि एक प्रश्न दिलात. जळगाव सोडून धुळ्याच्या स्टँडपर्यंत नद्या किती ओलांडतो? पांझरा स्टँडच्या पलीकडे, ती धरायची नाही. गिरणा आली, एरंडोलला अंजनी आली. पारोळ्याच्या अलीकडे रस्ता जरा खाली उतरला, वाळूचा एक पट्टा गेला, दोन बकऱ्या त्यात उभ्या होत्या.

"तीन," तुम्ही म्हणालात.

"ही नदी नाही नाना. नाला आहे. बोर्डसुद्धा नाही."

"बोर्ड नाही म्हणून नदी नाही? तुझ्या गळ्यात तरी कुठं बोर्ड आहे?"

"पाणी कुठे आहे पण?"

"आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी नि अक्का याच जागी चार तास बसून होतो. एसटीच्या दाराला पाणी लागलं होतं. जिनं एसटी चार तास अडवली, तिला मी नाला म्हणू?"

पुढे बोरी आली. तुमच्या चार झाल्या, माझ्या तीन. मी म्हणाले की चार तासांवर नदी ठरत नाही, नकाशावर ठरते. तुम्ही म्हणालात की नकाशा काढणारा उन्हाळ्यात आला असेल. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला, इतकी मी मोठ्याने भांडत होते. मराठीत. एकदाही न अडखळता. तुमच्या ते लक्षात आलं होतं का? माझ्या ते स्टँडवर उतरल्यावर आलं.

आता त्या हॉलचं लिहायला हवं. तेच लिहायचं नाही म्हणून मी डबे नि नद्या काढत बसले आहे.

धुळे ऑफिसच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. प्रश्न विचारायला कॉलेजातले एक प्राध्यापक होते. पंखा खडखडत होता आणि त्या आवाजाआड मी तुमच्या कानात उत्तर सांगत होते. तुम्ही ते मोठ्याने म्हणत होता. धुळ्याच्या बाकांवरून कुणीतरी टोला मारला, "नानास्ना रेडिओ बाजूले बठेल शे!" सगळे हसले. तुम्ही पण हसलात. मी नाही.

दोन्ही बाजू बरोबरीला आल्या. शेवटचा प्रश्न आपल्याकडे. चुकला तर ढाल धुळ्यातच राहणार. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला, खिडक्यांवर ऊन लागू नये म्हणून पोती टांगलेली होती, त्यामुळे खोली एकदम अंधारलेली आणि गप्प झाली. प्राध्यापक म्हणाले, "कोणत्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो?"

मला माहीत होतं. शुक्र. तो स्वतःभोवती इतका सावकाश फिरतो की एक गिरकी पुरी होण्याआधी त्याची सूर्याभोवतीची फेरी पूर्ण होते. पण त्या शांततेत मी कुजबुजले असते तर पन्नास माणसांनी ऐकलं असतं. म्हणून मी चिठ्ठीवर लिहिलं. मराठीत, ठळक, 'शुक्र'. आणि तुमच्याकडे सरकवली.

तुम्ही चिठ्ठी हातात घेतलीत. बघितलीत. मग माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "सांग."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"सांग व," तुम्ही पुन्हा म्हणालात, हळू.

मी चिठ्ठीकडे बोट दाखवलं. प्राध्यापकांनी घड्याळ वर धरलं. तुम्ही चिठ्ठीची घडी घातलीत, सदऱ्याच्या खिशात ठेवलीत, उभे राहिलात आणि स्वच्छ आवाजात म्हणालात, "बुध."

टाळ्या धुळ्याच्या बाकांवर पडल्या.

परतीच्या गाडीत तुम्ही मला पुन्हा खिडकी दिलीत. मी तिच्याबाहेर बघत राहिले. बोरी गेली. वाळूचा पट्टा गेला, तुम्ही तो मोजला नाहीत. एरंडोल आल्यावर मी न वळता विचारलं, "नाना, चिठ्ठी वाचली होती ना?"

एरंडोल मागे पडलं. मग तुम्ही म्हणालात, "उत्तर उद्या."

त्या क्षणी मला तुमचा किती राग आला हे मी आता इथे लिहिते, कारण तुम्हाला सांगायचं राहिलं. मला वाटलं, माझ्या अक्षरावर यांचा विश्वास नाही. माझं उत्तर खिशात ठेवून यांनी स्वतःचं सांगितलं. कानात सांगितलेली सगळी उत्तरं चालली, कारण ती यांनाही येत होती. जे यांना येत नव्हतं तिथे बाईमाणसाची चिठ्ठी खिशात गेली. मग रात्री वाटलं, नाही, हे दुसरंच आहे. यांनी मला माझंच करून दाखवलं. बरोबर उत्तर हातात असताना चुकीचं सांगणं कसं दिसतं, ते. नळावरच्या तीन महिन्यांचा हिशेब पन्नास माणसांसमोर. आणि त्यासाठी स्वतःची ढाल घालवली? इतकं कोण कोणासाठी करतं? आणि करावं का? मी मागितलं होतं का?

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. "काय व, काल काय विचारत होतीस ते विचार ना."

मी म्हणाले, "काही नाही, सर."

तुम्ही ऐकलंत. तुमचा हात खिशाकडे गेला. पेनासाठी गेला की कशासाठी, मला कळलं नाही. मग साहेबांची घंटी वाजली आणि तुम्ही गेलात.

त्यानंतर तीन आठवडे मी माझ्या टेबलावर, तुमच्याकडे पाठ करून जेवले. चिठ्ठी टाकली नाही. डबेही धुतले नाहीत. सगळ्यांना वाटलं ढाल गेल्याचं दुःख आहे. मग त्या शेवटच्या शुक्रवारी प्रश्न तुमच्यावर आला आणि तुम्ही माझ्या पाठीकडे बघून तो घातलात, हे मला न बघताही कळलं. "जळगावहून धुळ्याला एसटीनं जाताना नद्या किती?"

"हे कुठल्या पुस्तकात असतं नाना?" संचेतीभाऊंनी विचारलं.

"पुस्तकात नाही. खिडकीशी बसावं लागतं."

मी वळले नाही. एवढंच करायचं होतं. खुर्ची अर्धी फिरवायची होती.

तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी मी आणि संचेतीभाऊ सावद्याला दारावर बसायला गेलो. अंगणात बायकांमध्ये मला जागा मिळाली. अक्कांनी कुणालातरी विचारलं, "हीच का ती भुसावळची?" आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता रडतील. त्या रडल्या नाहीत. माझा हात धरून म्हणाल्या, "तुह्या लय गोष्टी सांगायचे. धुळ्याहून आले त्या दिवशी जेवले नाहीत."

मी म्हणाले, "आम्ही हरलो म्हणून."

"हरल्याचं काय व माय, दर साली हरायचे. चष्म्यापायी चिडले होते स्वतःवर. त्या दिवशी चष्मा घरीच राहून गेला त्यायचा. देवाजवळ ठेवला नि तसेच निघाले. मी मागून आवाज दिला, पण गाडी लागलेली. चष्म्याबिगर जवळचं अक्षर दिसत नव्हतं त्यायले."

नाना, मी सगळं बघते. लोक म्हणतात ही बोलत नाही, पण मी बघते. प्राध्यापकांच्या घड्याळाचा पट्टा तपकिरी होता. खिडकीवरच्या पोत्यावर साखर कारखान्याचा शिक्का होता. तुमच्या सदऱ्याचं वरून दुसरं बटण वेगळं होतं. आणि तुमच्या नाकावर चष्मा होता की नव्हता, ते मला आठवत नाही.

तेव्हापासून मी डोळे मिटून तो चेहरा बघते आहे. कधी चष्मा असतो, कधी नसतो. चिठ्ठी तुम्ही हात लांब करून धरली होती का? वाटतं, धरली होती. पण अक्कांचं ऐकल्यानंतर वाटतं. आधी वाटत होतं का?

कारण चष्मा नसेल तर सगळंच फिरतं. मग 'सांग' हा धडा नव्हता. तुम्हाला दिसत नव्हतं आणि तुम्ही मला विचारत होता. दोनदा विचारलंत. पन्नास माणसांसमोर 'मला वाचता येत नाही' असं म्हणणं तुम्हाला जमलं नाही, आणि एक शब्द उच्चारणं मला जमलं नाही. आणि 'उत्तर उद्या' म्हणालात ते खोडीने नाही. त्या वेळी चिठ्ठीत काय आहे हे तुम्हालाही माहीत नव्हतं, घरी जाऊन चष्मा लावल्यावरच कळणार होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते सांगायलाच आला होता.

आणि मी 'सर' म्हणाले.

पण मग चष्मा नव्हता हे तुम्ही तिथेच माझ्या कानात का नाही सांगितलंत? मी तुमच्या कानात इतकं सांगत होते. एकदा उलट झालं असतं तर?

तुमच्या टेबलावर मृत्यूच्या दाव्यांचे फॉर्म असतात. त्यात एक रकाना आहे, 'मृताशी नाते'. लोक तिथे अडायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, जे असेल ते लिहा, खोटं लिहू नका. माझ्यापुढे तो फॉर्म आला तर मी काय लिहू? मला इतकंही ठरवता येत नाही की मी तुमच्यावर रागावलेली आहे की तुमची माफी मागायची आहे. दोन्ही एकदम करता येतं का?

*

इथवर रविवारी लिहून ठेवलं होतं. आज गुरुवार आहे.

मंगळवारी डबी उघडली. एक वाजता आबांनी घंटी वाजवली, टेबलं एकत्र आली आणि मी माझा डबा घेऊन तुमच्या शेजारच्या जुन्या जागी जाऊन बसले. संचेतीभाऊंनी स्टुलावर चढून डबी खाली काढली.

साहेबसुद्धा बाहेर आले होते. ते म्हणाले, "पण तो नियम आहे ना तुमचा? विचारणारा हजर पाहिजे."

गोपाळआबांनी तुमच्या खुर्चीकडे हात केला. उन्हासाठी आणलेली तुमची छत्री पाठीला अजून लटकते आहे. "नाना हाजर नई अशे कोन म्हनस साहेब? त्यास्नी छत्री अठेच शे."

डबी माझ्यापुढे आली. झाकण घट्ट बसलं होतं, नख लावून काढावं लागलं. आत एकच घडी, बाकी कुणाच्या चिठ्ठ्या पडायच्या राहिल्या होत्या. मी ती उलगडली आणि वाचलं, "तीन."

"तीन?" संचेतीभाऊ ओरडले. "चार म्हणत होते ते! मला नळावर अर्धा तास त्या नाल्याचं पुराण ऐकवलंय."

मी कागद उलटा केला. मागे माझं अक्षर होतं. ठळक. 'शुक्र'.

ती चिठ्ठी मी सगळ्यांना दाखवली आणि धुळ्याला काय झालं ते सांगितलं. बसूनच सांगितलं, पण सगळं. नळावरचं नाही. ते आपलं राहू दे.

मग जो तो बोलायला लागला. संचेतीभाऊंचं मत की त्यात काही अर्थ शोधू नये. "नानांचा खिसा म्हणजे रद्दीचं दुकान. हात घातला, जो कागद आला त्यावर लिहिलं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेमागे त्यांनी उंटाची तहान लिहिली होती." हे खरं आहे. पाठकोरा कागद तुम्ही कधी टाकला नाहीत. पण गोपाळआबांनी मान हलवली. "त्या दिवशी मी त्यास्ले कोरा कागद दिन्हा ताई. त्यास्नी लिन्हा नई. म्हने, मन्हाकडे शे."

म्हणजे मुद्दाम? की तुम्ही कोरा कागद कधीच घेत नसायचा, म्हणून? आणि 'तीन' का? मला खूश करायला? की पहिल्यापासून तुमच्याही तीनच होत्या आणि चौथी फक्त मला बोलतं करायला काढली होती? मग अक्का नि तुम्ही चार तास कुठे बसला होता? मी अक्कांना विचारू शकते. पण विचारणार नाही असं दिसतं. एखादी नदी तरी राहू दे.

"एसटीत तीन म्हणणारी ही एकटीच," संचेतीभाऊ म्हणाले. "म्हणजे पुढचा प्रश्न हिचा. उठा मॅडम."

मला एकच प्रश्न विचारायचा होता. नानांनी बुध का सांगितलं? पण आधी उत्तर डबीत टाकावं लागतं आणि ते माझ्याकडे नाही. तुमचा नियम तुमच्याविरुद्ध मोडणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी दुसरा प्रश्न घेतला. हातातली चिठ्ठी होती तशीच घडी घालून डबीत टाकली, झाकण दाबलं आणि उभी राहिले. खुर्चीचा पाय फरशीवर कर्रकन वाजला.

"कोणत्या ग्रहाचा दिवस..." मी म्हणाले, आणि वाक्य मध्येच थांबून वाट बघायला लागलं. कोणी घाई केली नाही. "त्याच्या वर्षापेक्षा मोठा असतो?"

"अहो, आत्ताच तर वाचलंत की!" संचेतीभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले. "आज कोणाला डबे धुवायला लावायचे नाहीत का?"

"उत्तर उद्या," मी म्हणाले.

काल आबांनी डबी उघडली. सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर शुक्र होतं. "बठ्ठास्नं बरोबर शे," आबा म्हणाले. मग त्यांनी माझी चिठ्ठी उलगडली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. एका बाजूला तुमचं अक्षर, एका बाजूला माझं.

"ताई, एक बाजूले शुक्र, एक बाजूले तीन. यामा उत्तर कोनतं शे?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"ऐकू आलं नाही," संचेतीभाऊ टेबलाच्या टोकावरून म्हणाले.

मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत." मग, कोणी विचारलं नव्हतं तरी, "शुक्र," म्हणाले. रिकाम्या खुर्चीकडे बघून. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर रस्त्यावर ऐकू गेलं असेल इतक्या मोठ्याने.

सगळ्यांचं बरोबर आलं की डबे प्रश्न घालणाऱ्याने धुवायचे. मी सगळे डबे घेऊन नळावर गेले. भरताचे होते, वेळ लागला. तुम्ही तेव्हा जिथे उभे राहिला होता तिथे मी पाणी उडू दिलं नाही.

तुम्ही सांग म्हणाला होतात, मी सांगितलं आहे. उशिरा सांगितलं. चष्मा होता की नव्हता, एवढंच मला हवं आहे. घाई नाही, नाना. उत्तर उद्या दिलंत तरी चालेल.